दोन डबे आणि नाल्यापलीकडची झाडं

कोणी घरी येऊन काही फुकट द्यायला लागलं, की आधी बाहेर जाऊन त्याची गाडी कुणाची आहे ते बघावं, असं माझं मत आहे. त्यामुळे पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका गावात मी स्वतःच दोन फुकट डबे घेऊन शिरले, तेव्हा गावाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला चांगलीच ओळखीची वाटली.

काम असं होतं. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरांत येणारी माहिती खेड्यातल्या माणसाला कितपत वापरता येते, हे नागपूरच्या एका संस्थेला तपासायचं होतं. हवामान, धानाचा भाव, आणि जंगलात वाघ कुठे फिरतो आहे त्याचा इशारा. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट टॉप बॉक्स होते, एक निळा आणि एक काळा. दोन्ही एकाच टीव्हीला जोडायचे, घरच्यांना आलटून पालटून वापरायला लावायचे आणि कोणता सोपा ते लिहून पाठवायचं. मोहाचा हंगाम संपला की कमी गुणांचा डबा गावातून उचलला जाणार होता. संस्थेच्या सरांनी हे मला अगदी सहज सांगितलं.

मी ज्यांच्याकडे राहिले त्या काकूंसाठी ते सहज नव्हतं. त्यांची मोहाची झाडं नाल्यापलीकडे, जंगलाच्या काठाला होती. कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नव्हतं, पण ती झाडं त्यांच्या सासूच्या काळापासून त्यांची, हे गावात सगळ्यांना मान्य होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. गेल्या हंगामापासून त्याच भागात एक वाघीण पिल्लं घेऊन राहत होती. गावालगत, धानशेताच्या बांध्यांच्या बाजूला काही सामाईक झाडं होती. तिथे भीती नव्हती, पण सगळं गाव तिथेच लोटलं की टोपलीचं बूडही झाकत नसे. तेव्हा रोज उजाडताना काकूंपुढे एकच प्रश्न असायचा, आज नाला ओलांडायचा की नाही. फॉरेस्टचा गार्ड येऊन सांगायचा, पण त्याच्याकडे गावं फार. पडद्यावरचं पान खरं आणि वेळेवर आलं तर काकूंना ते हवंच होतं. ते कोणत्या डब्यातून येतं याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

मला होतं. मी चिमूरकडची. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा आणि त्यांचे मित्र विहाराच्या ओट्यावर बसून ती दुमडायचे, आणि मी अक्षरं शिकले ती त्याच कागदांवर. जमिनीचा हक्क, रोजगार, बुवाबाजी. बाबांची एक शिस्त होती. पत्रक हातात आलं की ते खालून वाचायला सुरुवात करायची. तळाला काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असतं. ते नसेल तर कागद चुलीत. या पडद्यावरच्या पानांच्या तळाशी काहीच नव्हतं. वाघीण इथे आहे, असं कोण म्हणतंय? कधी बघितलं? उद्या कुणाला तो भाग रिकामा करून हवा असेल, तर रोज वाघीण दाखवायला काय लागतं? हे मी सरांना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त बटणं सोपी आहेत का ते बघा."

निळा डबा दिसायला देखणा होता. लावला की आधी साबणाची जाहिरात, मग गोल गोल चित्रं. ढगाचं, कणसाचं, वाघाच्या तोंडाचं. इशारा असला की ते वाघाचं तोंड पडदाभर यायचं आणि खाली पट्टीवर लिहिलेलं असायचं, 'समजले'. ते दाबल्याशिवाय पुढचं चॅनेल लागत नसे. आणि कोणी काय दाबलं ते सगळं डब्यातून थेट कंपनीकडे जात असे.

काळा डबा म्हणजे कचेरीतला सूचनाफलक. रिमोटवर पानाचा आकडा दाबायचा आणि वाट बघत बसायचं. पान उघडेपर्यंत चुलीवरचा चहा उतू जायचा. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ना रंग ना चित्र. काकूंनी पानाचा आकडा खडूने टीव्हीमागच्या भिंतीवर लिहून ठेवला होता. निळ्यावर काही लिहून ठेवावं लागत नव्हतं, हे मीही प्रामाणिकपणे कळवलं.

गुण द्यायची पद्धत मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकली. निळ्यावर 'समजले' दाबलं की माणूस पास. काळ्याला तसं बटण नव्हतं, म्हणून पान उघडल्यावर मी तोंडी विचारायचं, "काय लिहिलं आहे?" इशारा बरोबर सांगितला तर गुण. एकाची परीक्षा बोटाने आणि दुसऱ्याची तोंडाने.

पहिल्या सकाळी काकू टोपली काखेत घेऊनच टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. काळ्या डब्याचं पान उघडलं. वर हवामान होतं, त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की नाल्यापलीकडे वाघिणीचा वावर आहे, आत जाऊ नये.

"काकू, काय लिहिलंय?"

"ऊन हाये आज. पानी नाई."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली काय? ऊन हाये म्हनलं ना."

"खालच्या ओळी वाचा ना जरा."

"तुले वाचता नाई येत का वो? एवढी शिकली म्हने." आणि त्या निघून गेल्या.

शेजारपाजारचंही तेच. बायका यायच्या, पडद्याकडे बघायच्या, कोणी उन्हाचं सांगायची, कोणी धानाचा भाव, आणि इशाऱ्याच्या ओळीवर सगळ्या मुक्या. मी लिहीत गेले, 'इशारा वाचला नाही'. रोज तेच. निळ्यावर मात्र गावच्या गाव पास होत होतं.

आणि एका दुपारी काकूंनी माझ्या पिशवीतून वनहक्काचं एक पत्रक काढलं आणि अंगणात बसून खणखणीत आवाजात पूर्ण वाचून काढलं. मधेच थांबून "हे बरोबर लिहिलं हाये" असंही म्हणाल्या. अंगणभर मोहाची फुलं वाळत पडली होती, सून त्यातला कचरा वेचत होती. मी ऐकत होते आणि माझं डोकं एकाच दिशेने धावत होतं. निळा डबा बसवून देणारा मुलगा काकूंचा भाचा. गोंडपिपरीला त्याचं टीव्हीच्या छत्र्या बसवायचं दुकान. येता-जाता चहाला थांबायचा आणि "मामी, हाच डबा राह्यला तं बरं होईन" असं म्हणायचा. सगळं जुळत होतं. मी सरळ विचारलं.

"काकू, खरं सांगा. काळ्या डब्याचं वाचू नका, असं भाच्याने सांगितलंय ना?"

त्यांनी पत्रक खाली ठेवलं. "काय म्हनली?"

"तुम्हाला सगळं वाचता येतं. मग सकाळीच काऊन वाचा बसते?"

सून फिसकन हसली. "वो माय! हे तं तुमाले चोर म्हनून राह्यली."

"म्हनू दे. पत्रकवाल्याची पोरगी हाये, तिले दुनिया चोर दिसते." मग काकू माझ्याकडे वळल्या. "ऐक वो बाई. टोपली काखेत घेतली का मंग त्याचं बोलत नसते. त्याचं नाव नाई, तो कुठी हाये ते बी नाई. टोपली घरी येऊन टेकली का मंग बोल, जेवढं बोलाचं तेवढं. आता इचार मले. वाघीन. वाघीन. वाघीन. झालं समाधान?"

माझ्या तोंडून बाबांचं बुवाबाजीवरचं पत्रकच बाहेर पडलं. "काकू, नाव घेतल्याने काही वाघ येत नाही."

"मी कधी म्हनलं येते म्हनून?"

"मग बोलायला काय हरकत आहे?"

"तुमी विहारात चपला भायेर काढता. घालून गेली तं बुद्ध तुले चावते का?"

सून इतकी हसली की तिच्या मांडीवरचं सूप उलटलं. मला राग आला होता, आणि मी तो बराच वेळ धरून ठेवला. नंतर चुलीपाशी बसल्यावर एक एक सकाळ आठवायला लागली. ज्या दिवशी पानावर वाघीण होती त्या दिवशी काकू दाराबाहेर पडून डावीकडे, बांध्यांकडे वळल्या होत्या. त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही. ज्या दिवशी पान मोकळं होतं, त्या दिवशी उजवीकडे, नाल्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे कान लावून बसले होते. पाय बघितलेच नव्हते.

मग त्या संध्याकाळी निळ्या डब्याकडे नीट बघितलं. सुनेने टीव्ही लावला, वाघाचं तोंड आलं, आणि तिने भाजीवरची नजरही न उचलता 'समजले' दाबलं.

"काय समजलं?" मी विचारलं.

"काय समजाचं त्यात? ते दाबल्याबिगर मालिका नाई लागत ना."

शिवाय ते वाघाचं तोंड कित्येक दिवस हललंच नव्हतं. वाघीण तिकडून गेली असं गार्डने सांगितलं त्या दिवशीही ते तिथेच होतं.

मी सरांना बोलावून घेतलं. ते गाडी घेऊन आले. गाडीत मागे निळ्या डब्यांची खोकी रचलेली होती. मी ती पाहिली आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हा अंधश्रद्धेचा विषय आहे, मॅडम. आपल्या प्रश्नावलीत तो बसत नाही. तुमच्यासारखीने तरी त्याची बाजू घेऊ नये."

"बाजू घेत नाही. प्रश्न बदला म्हणते. 'काय लिहिलं आहे' नको. 'आज कुठे जाणार' एवढंच विचारा. आणि दोन्ही डब्यांसाठी तेच विचारा."

"निळ्याचे आकडे तर आलेच आहेत."

"ते मालिका बघायचे आकडे आहेत, सर. आणि पानावर तळाशी लिहा ना, की खबर कोणी दिली आणि कधी."

"पानावर तेवढी जागा नसते."

"साबणाला आहे."

ते थोडे हसले. पण रात्री परत गेले नाहीत, पोंभुर्ण्याला मुक्काम करून पहाटे पुन्हा आले, हे मी त्यांच्या खात्यावर जमा करते.

त्या पहाटे आधी निळा डबा लावला. वाघाचं तोंड पडदाभर आलं, सुनेने दाबलं, ते गेलं. काकू टोपली काखेत घेऊन उभ्या होत्या. सरांनी विचारलं, "बाई, आज कुठे जाणार?"

"अजून नाई ठरलं."

मग काळ्या डब्याचं पान. आम्ही सगळे त्याची वाट बघत राहिलो. पांढऱ्या ओळी उमटल्या. वाघीण आणि पिल्लं टेकडीच्या पलीकडे गेली आहेत, नाल्याच्या भागात वावर आढळला नाही. काकूंनी ते शेवटपर्यंत वाचलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"आता कुठे जाणार?" सरांनी विचारलं.

"नाल्यापलीकडे."

सर खुर्चीवरून उठले. "अहो पण त्या डब्यावर तर वा..."

"साहेब!" सून ओरडली. "टोपली हाये ना हातात!"

सरांनी तोंड मिटलं. मग ते माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दोन्ही डबे वेगळं सांगताहेत. यांना जाऊ द्यायची जबाबदारी तुम्ही घेता का?"

कालपासून मी काळ्या डब्यासाठी भांडत होते, पण ते पान कोणी लिहिलं हे मला आजही माहीत नव्हतं. बटण सोपं आहे की अवघड, हे लिहायला आलेली मी. त्या चार ओळींच्या भरवशावर मी स्वतः नाला ओलांडला असता का?

काकूंनी खुंटीवरची दुसरी टोपली काढली आणि माझ्या हातात दिली. "हा डबा चांगला म्हनली ना तू? चाल मंग."

आम्ही गेलो. शेजारच्या बायकाही आल्या. नाल्याच्या रेतीत काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, इकडे तिकडे बघितलं आणि पुढे झाल्या. झाडांखाली पिवळट फुलांचा सडा पडला होता. बायका जोरजोरात बोलत होत्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल, कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल. मी वाकून एक फूल उचलायची आणि मान वर करून चारी बाजूंना बघायची. माझी टोपली सगळ्यांत रिकामी राहिली आणि त्यावरूनही मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

परत आलो तेव्हा सर अंगणात येरझारा घालत होते. काकूंनी टोपली ओट्यावर टेकवली, कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "हं. आता बोला काय बोलाचं ते."

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. वाटनार नाई का? वाघीनच ते."

"मग गेलात कशा?"

"पान खरं असन असं वाटलं. आजवर खोटं नाई निघालं."

सरांनी वहीत काहीतरी खोडलं आणि काहीतरी लिहिलं. "बाई, मग काळाच डबा ठेवू ना?"

"ठेवा. पन रोज पहाटे त्यात खरं लिहनारा मानूस बी ठेवा. त्याले काढू नोका."

निळा डबा भाच्याने त्याच आठवड्यात उतरवून नेला. काळा अजून त्या घरात आहे. ती पानं कोण लिहितं, हे मी संस्थेला तेव्हापासून विचारते आहे. ते म्हणतात, माहिती वरून येते. वरून म्हणजे कुठून, ते सांगत नाहीत.