आधी मोजा, मग उघडा

श्री. नागनाथ बोद्दूल सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिडकीपाशी उभे राहून भोकं पाडलेलं एक कार्ड उन्हात धरून वाचत होते. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. सोलापुरातल्या त्यांच्या छोट्या कचेरीत मी संगणकाच्या कार्डांना भोकं पाडायच्या कामावर रुजू झालो होतो. संगणक पुण्यात होता. आमची कार्डं पेटीतून रेल्वेने जात आणि छापील निकालासह परत येत.

"नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं हे?" मी विचारलं.

"वडलांनी जन्मभर मागावरच्या चादरीच्या नक्षीची कार्डं पाडली. भोकं वाचल्याबिगर आमच्या घरी जेवण नव्हतं की," सर म्हणाले.

त्या काळच्या यंत्राला सरळ रांग कळे, आणि आमची कामं कधीच सरळ नसत. केंद्राच्या पोटात उमेदवार, उमेदवाराच्या पोटात विषयांचे गुण. यादीतल्या अशा यादीला सर 'पोटयादी' म्हणत. ती उघडून हवा तो आकडा नेमका बाहेर काढायला त्यांनी छोटे छोटे तयार प्रोग्राम लिहून ठेवले होते. रबरात बांधलेल्या त्या कार्डांना आम्ही 'हातगड्डी' म्हणायचो. कुठलंही नवं काम आलं की आधी हातगड्डी जोडायची. सोलापूरच्या मोठ्या जत्रेला 'गड्डा' म्हणतात; कुणी कार्डं विस्कटली की सर म्हणत, "गड्डा जत्रेत भरतो, हितं गड्डीच पायजे!"

एकदा शिक्षिका-प्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचे निकाल आमच्याकडे होते. यादी लागायला दोन दिवस उरले असताना अक्कलकोटहून महंमदभाई नावाचे शिंपी आले. त्यांची मुलगी परवीन मराठीत नापास झाली होती. शंभरात एकोणीस.

"साब, गल्लीतली समदी पत्रं तीच लिहिती की. यंदा जागा गेली तर पुढच्या साली लगीन. मग कुटलं शिक्षण?"

ते बाहेर बसले तेव्हा मी म्हणालो, "उर्दू बोलणारं घर आहे. मराठीत गेली असेल."

सरांनी चष्मा काढला. "तुमी तिला ओळखता?"

"नाही."

"मग कार्ड काढा."

त्यांनी कार्ड उन्हात धरलं आणि माझ्यासमोर भोकं वाचली. मराठी, एक्याऐंशी. मग त्यांनी यादीत परवीनच्या आधी असलेल्या मुलीचं कार्ड मागितलं. तिने सहा विषयांखेरीज कन्नडचा पंचवीस गुणांचा जादा पेपर दिला होता. आमचा प्रोग्राम प्रत्येकीचे सहाच आकडे मोजून पुढे सरके. सातवा आकडा, म्हणजे कन्नडचे एकोणीस, पुढच्या मुलीच्या, म्हणजे परवीनच्या, मराठीच्या पहिल्या घरात जाऊन बसला आणि तिचे सगळे गुण एकेक घर सरकले. नवं केंद्र आलं की मोजणी नव्याने सुरू होई; परवीन केंद्राच्या यादीत शेवटची, म्हणून फटका तिला एकटीलाच बसला.

सर बाहेर गेले आणि महंमदभाईंना म्हणाले, "पोरीची चूक न्हाय. ती गड्डी मी लिहिलीय. चूक माजी हाय."

परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे चिटणीस चिडले. "एका मुलीसाठी यादी थांबवायची?"

"एकच हाय का, ते मोजल्याबिगर कसं सांगू?" सर शांतपणे म्हणाले. पुढचे दोन दिवस ते खिडकीपाशी उभे राहिले आणि प्रत्येक कार्ड त्यांनी डोळ्यांनी वाचलं. मी छापील आकडे वाचत गेलो, ते भोकं. त्या दोन दिवसांत मला यंत्रापेक्षा माणसाचा धाक वाटू लागला. दुसरी चूक सापडली नाही. परवीनचं नाव यादीत लागलं.

मग सर मला घेऊन एसटीने अक्कलकोटला गेले. माफी मागायला. एवढा मोठा माणूस दारात उभा पाहून परवीन आधी बावरली, मग हसली. "सर, पेपर न देता कन्नडात एकोणीस मिळाले. तेवढे ठेवा की!"

परतताना सरांनी नवा नियम सांगितला. पोटयादीत किती आकडे आहेत, ते तिच्या सुरुवातीलाच लिहायचं. यंत्राने आधी ते वाचायचं, मगच यादी उघडायची. "आधी मोजा, मग उघडा." हातगड्डी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा लिहून काढली. 'उर्दू बोलणारं घर' या माझ्या वाक्याचा उल्लेख मात्र एसटीत केला नाही आणि त्यानंतरही कधी केला नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. छपाईची घाई असतानाही कुणाबद्दल काही लिहिण्याआधी हात थांबतो. "तुमी तिला ओळखता?" परवीनबाई अनेक वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. सरांच्या गौरवासाठी काढलेल्या या अंकाचं शुद्धलेखन त्यांनीच तपासलं आहे.

सर आज पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांच्या पुढच्या निरोगी वर्षांची यादी आम्हाला मांडायची आहे, आणि नियमाप्रमाणे सुरुवातीला आकडा हवा. तो आम्ही कोरा सोडला असता, पण कोरं घर यंत्र शून्य धरतं, हे सरांनीच शिकवलं. तेव्हा तो आकडा सरांनीच लिहावा. भरपूर मोठा लिहावा, आणि मोजायची अजिबात घाई करू नये.