साचिकोच्या फुलांचं विसर्जन

वाळलेल्या फुलांना वास यावा, हेच मुळी मला खटकलं होतं. तिथेच थांबले असते तर आज तुम्हाला सांगायला हा घोटाळा उरला असता का?

मस्कतजवळ अल हैलला आमच्या शेजारी साचिको राहायची, जपानची. ती चार दिवस सलालाहला गेली आणि किल्ली माझ्याकडे. काम काय, तर कुंड्यांना पाणी. तेवढंही मी वहीत लिहून घेतलं!

तिसऱ्या दिवशी दार उघडलं, तर घरभर गोडसर वास. दचकलेच! गॅस? मेलेला उंदीर? छे. भिंतीवर तिच्या आजोबांचा फोटो, शेजारी जांभळट फुलांची जुडी उलटी टांगलेली. पार सुकलेली. परवा ताजी होती तेव्हा कणभर वास नव्हता!

उद्या घटस्थापना, आणि फोटोपाशी निर्माल्य? कचऱ्यात टाकायचं नाही, एवढे संस्कार आहेत हो माझ्यावर. तडक समुद्र गाठला, हात जोडले आणि दिलं सोडून. वर साचिकोच्या वतीने क्षमाही मागितली!

घरी येते तोच तिचा मेसेज. ‘फुजिबाकामा वाळली का? आमच्याकडची शरदातली रानफुलं. ओली असताना वास नसतो, वाळली की सुटतो. आईच्या गावच्या नदीकाठी आता दिसत नाहीत. तिच्यासाठी कुंडीत लावून वर्षभर एसीत जपली. पुरचुंडी करून पाठवणार.’

वर्षभर! धावत किनाऱ्यावर गेले. ओहोटी. फुलांनी एव्हाना इराण गाठलं असणार.

नवऱ्याला, निखिलला, ऑफिसात फोन केला.

“मांजराने खाल्ली म्हण.”

“तिच्याकडे मांजर नाहीये!”

“मग आण एक. यल्ला, चल ठेवतो, मीटिंग आहे,” म्हणून त्याने ठेवलासुद्धा.

मग साचिकोला फोन. रेंज नाही. पुन्हा. पुन्हा. मी हॉलमध्ये येरझारा घालत माफीचं इंग्रजी घोकतेय. आधी चूक कबूल करायची, मग आईची चौकशी, शेवटी रडायचं. कमरेतून वाकायचाही सराव केला. फोनवर कोण बघणार होतं, देव जाणे!

सतराव्या वेळेला पलीकडून आवाज आला, “मोशी मोशी?”

आणि घोकलेलं सगळं विसरून मी किंचाळले, “काँग्रॅच्युलेशन्स, साचिको! तुझ्या फुलांना मोक्ष मिळाला!”