हॉटेल सोड!

व्हर्ना कोस्टिनियुक आमच्या हॉटेलात खोल्या साफ करते आणि जमेल तेव्हा मालकाची बुद्धीही. युनियन आम्ही दोघींनी उभी केली. भाषणं माझी, आवाज तिचा. अन्यायाचा नुसता वास आला की ती आधी भांडते, मग विचारते काय झालं.

दर हंगामाला बर्फावर हॉकी खेळवणारे क्लबवाले आपली नवखी पोरं आमच्याकडे आणून ठेवतात. नऊ सामने पोरगं पारखायचं. दहाव्याला बर्फावर उतरवलं की करार लागू. म्हणून नवव्यानंतर साहेबलोकांचा खल चालतो, ठेवायचं की परत पोरासोरांच्या संघात धाडायचं? तोवर पोराने बॅगेतून कपडे काढायचे नि बॅगेतच ठेवायचे. आम्हाला हंगामी म्हणून राबवतात ना, तस्संच. फक्त यांचे फोटो पेपरात येतात.

गेल्या साली फ्लिन फ्लॉन गावचा कोल्टन आस्पलंड आला. खेळात वाघ, बोलण्यात शेळी. नववा सामना झाला, आणि दुसऱ्या सकाळी तो बॅग घेऊन व्हर्नाला जिन्यात भेटला. डोळे लाल.

"कोच म्हणाले, हॉटेल सोड."

"आणि तू काय म्हणालास?"

"थँक्यू."

एवढं बोलून तो बस पकडायला गेलासुद्धा. व्हर्ना हातातल्या कमोडच्या ब्रशासकट नाश्त्याच्या हॉलमध्ये घुसली. कोच गॉर्ड ल्युबेक पॅनकेकवर सिरप ओतत होता.

"काय रे गॉर्ड, कुत्र्यालाही कुणी असं हाकलत नाही!"

"कुणाला हाकललं, बाई? तो ब्रश आधी लांब धरा!"

"कोल्टनला! हॉटेल सोड म्हणालास ना?"

"अहो, हॉटेल सोड म्हणजे भाड्याने घर बघ! संघात ठेवलंय त्याला! हॉकीत असंच सांगतात!"

"मग 'ठेवलंय' म्हणायला जीभ झिजते तुमची?"

सिरप टेबलावर वाहायला लागलं. "आहे कुठे तो?" कोच उठलाच. "आता सराव आहे. आजच दांडी मारली तर वरचे साहेब खरंच परत धाडतील."

धोब्याची व्हॅन मी काढली. शहराबाहेर डोनटच्या दुकानापाशी बस थांबली होती, आणि आमचा वाघ रांगेत उभा.

"ए शहाण्या, ठेवलंय तुला!" व्हर्ना दारातूनच गरजली.

"पण कोच म्हणाले—"

"त्यांना सांगता येत नाही, तुला विचारता येत नाही! चल गाडीत!"

सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर म्हणाला, सामान फ्लिन फ्लॉनलाच उतरेल, नियम आहे. व्हर्नाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बॅग उतरली.

मळक्या टॉवेलांच्या ढिगावर बसून कोल्टन मैदानावर वेळेत पोचला. वाटेत त्याने हळूच विचारलं, "घर कसं शोधतात?"

व्हर्ना मागे वळली.

"माझं तळघर रिकामं आहे. पण बाथरूम तू घासायचं."

"मला नाही येत."

"मग बर्फावर घसरायला काय आईच्या पोटातून शिकून आलास?"