मोहापाशी थांबणारी घोडी

भात झोडून झालं की आमच्या पाड्यातल्या निम्म्या दारांना सुतळी बांधलेली दिसायची. कुलूप लावावं असं आत काही नसायचंच. आई-बाबा भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, मी आश्रमशाळेत, आणि बाबांचा धाकटा भाऊ सोमाकाका वसईकडच्या किनाऱ्यावर. तिथे तो दुसऱ्याच्या घोड्यांचे लगाम धरून चालायचा, वर पर्यटकांची पोरं बसलेली. दिवसभर वाळूत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. पावसाच्या तोंडावर सगळे परतायचे तेव्हा आईच्या हातांना भेगा असायच्या आणि काकाच्या पायांना. लग्न त्याने केलंच नाही. कोणी टोचलं तर म्हणायचा, "रोज घोडी घेऊन फिरतो, अजून किती वराती काढू?"

तो सोमाकाका गेला, त्याला आता दीड-दोन महिने होतील.

लॉकडाऊनमध्ये किनारा बंद पडला आणि घोडेमालकाला चारा परवडेना. त्याने काकाला दोन जनावरं देऊनच टाकली, बिजली नावाची तांबडी घोडी आणि पाखऱ्या नावाचा म्हातारा घोडा. काका दोघांना घेऊन, रस्त्याकडेचं गवत चारत, चालत आमच्या गावापर्यंत, पोशेऱ्यापर्यंत आला. पाड्यात शिरला तेव्हा हसावं की काय करावं ते लोकांना कळेना. आमच्याकडे घोड्यावर बसला तर नवरदेव बसतो, तोही उसन्या घोड्यावर आणि जन्मात एकदा. मी तेव्हा नुकतीच जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झाले होते. घरात पहिली. हे मी अजूनही कोणालाही सांगते, न विचारता. त्या बी.ए.ला काकाने पहिलं काम दिलं ते खरारा करायचं.

मग त्याने मला बसायला शिकवलं. पण बिजली किनाऱ्यावरची. ठरावीक अंतर, पाड्याबाहेरच्या एका खडकापर्यंत, चालली की गर्रकन मागे वळायची, समोर डोंगर असो की दरी. मी टाचा मारायचे, ओरडायचे, एकदा फांदीच उचलली. काकाने ती हातातून काढून घेतली.

"मारू नको बाय. तिला जेवढं शिकवलं तेवढं ती करते. तिला वाटतं, झालं काम."

"मग काय, मी आयुष्यभर त्या खडकापर्यंतच जाऊ?"

"आज खडकापर्यंत. उद्या खडकाच्या पुढं भाकर असंल."

आणि खरंच, तो नागलीच्या भाकरीचा तुकडा घेऊन खडकाच्या पलीकडे उभा राहायचा. घोडी वळायच्या बेतात असली की हळूच हाक मारायचा. कधी यायची, कधी वळायची. वळली तर तो नुसता हसायचा आणि पुन्हा तिथेच उभा. नंतर भाकर ओहोळापलीकडे गेली, मग टेकडीच्या सोंडेवर. पुढच्या दिवाळीपर्यंत बिजली खिंड ओलांडून सरळ जायला लागली. शनिवारी-रविवारी आम्ही जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला आलेल्या पाहुण्यांना डोंगरवाटेने लांबवर फिरवायचो. पुढे पाखऱ्यावर काका, मागे पाहुणा बिजलीवर आणि लगाम धरून मी. पाहुणे गेले की परतीच्या वाटेवर बिजली माझी. मोकळ्या माळावर दुडक्या चालीने जाताना मला वाटायचं, हे माझं आहे. भाड्याचं नाही, दुसऱ्याचं नाही.

...पण फक्त माळावर.

आमच्या पाड्याच्या अलीकडे मोहाचं मोठं झाड आहे. तिथून विहिरीची वाट सुरू होते, आणि त्या वाटेवर बाया असतात, डोक्यावर हंडे नाहीतर लाकडाची मोळी. मी मोहापाशी उतरायचे आणि लगाम धरून चालत घरी जायचे. पहिल्यांदा उतरले कारण शेजारची जानी वहिनी ओरडली होती, "बाया, बाजूला व्हा, नवरदेव आला! नवरी कोण गं?" सगळ्या हसल्या. हसणं एकवेळ सोसलं असतं. पण त्या हसणाऱ्यांत माझी आई होती, डोक्यावर दोन हंडे घेतलेली, आणि मी तिच्याही वर, खोगिरावर. त्या दिवसापासून मी दर वेळी उतरत गेले. मान राखते म्हणून उतरते, असं सांगायचे. मला लाज वाटायची हे सांगायचे नाही.

काकाला छातीचा आजार झाला आणि त्याचं घोड्यावर बसणं सुटलं. मग तो ओट्यावर, कुडाच्या भिंतीला टेकून बसायचा. तिथून वाट दिसते. दर रविवारी त्याला मी चालत येताना दिसायचे.

"एकदा तरी वर बसून ये की. माला बघू दे, घोडी घरात कशी येते."

"बाया हंडे घेऊन चालतात काका. बरं दिसत नाही."

"तू उतरतेस म्हणून कुणाचा हंडा हलका होतो काय?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी. असे कितीतरी पुढचे रविवार झाले.

फोन आला तेव्हा मी शिरपामाळावर होते. बाबा एवढंच म्हणाले, "ये. सोमा गेला." पाहुण्यांना सोडून मी बिजलीवर बसले. त्या वाटेवर तिला कधी पळवली नव्हती, त्या दिवशी पळवली. मोहाचं झाड आलं आणि बिजली थांबली. आपली आपण, मान खाली घालून, मी उतरायची वाट बघत. पुढे आमच्या अंगणात माणसं जमलेली दिसत होती. घोडीला किनाऱ्यावरचं सगळं विसरायला लावलं काकाने. हे एक नवं शिकवलं होतं मी, माझी लाज तिला शिकवली होती. आणि मी... मी त्या दिवशीही उतरले. चालत गेले. काका आत, घोंगडीवर. त्या दिवसाची ती शेवटची पावलं मला अजून झोपू देत नाहीत.

काकाचे दिवस झाले आणि मी भाकरीचा तुकडा घेऊन मोहापलीकडे उभी राहायला लागले. बिजली झाडापाशी थांबायची, मी हाक मारायचे. नंतर वर बसूनच पुढे न्यायला लागले. ती थांबायची, माझाही पाय रिकिबीतून आपोआप निघायचा. दोघींनाही तीच खोड. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पाखऱ्या ठाणावरून बघायचा. मारलं नाही, एवढं मात्र पाळलं.

गेल्या रविवारी बिजली माझ्यासकट मोहापुढे निघाली, तेव्हा विहिरीच्या वाटेवर गर्दी होती. जानी वहिनीने लांबूनच आवाज दिला, "आला गं नवरदेव! वरात कुठं ठेवलीस?"

"तुम्हीच की वरात," मी म्हटलं. पाय मात्र रिकिबीतच दाबून धरला.

बाया हसल्या. आईने हंड्याला हात लावून वर बघितलं, वाटेतून जराशी सरली आणि म्हणाली, "कडेनं घे. पाणी सांडंल."

मी कडेनं घेतली.

ओट्यासमोर आल्यावर बिजली आपणच थांबली. कुडाच्या भिंतीवर, काका टेकायचा तिथे, शेणाचं सारवण गुळगुळीत झालं आहे. आई सारवताना तेवढी जागा सोडते. मी खाली उतरले नाही, तिथूनच ती जागा बघत राहिले. लाज गेलेली नाही. पण मोहापासून घरापर्यंत मी घोडीवर बसून आले.