चार पात्यांची पाचर

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॅक्टरची ट्रॉली, मोडलेली मोगडा-वखरं, जे येईल ते करतो. थोडं पुढं माझ्या दोस्ताचा जळाऊ लाकडांचा अड्डा. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलेले. त्याची लाकडं ढाब्यांना, लग्नातल्या आचाऱ्यांना आणि आसपासच्या स्मशानांत जायची.

एका वर्षी दिवाळीनंतर त्याच्याकडची कुऱ्हाडीवरची माणसं ऊसतोडीला निघून गेली. तो दुकानात आला, उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "लाकडं फोडायचं मशीन बनवून दे. मी मोबाइलवर बघितलंय. बाहेरच्या देशात एका दाबात ओंडक्याचे चार तुकडे करून राह्यलेत लोक."

"त्यांची लाकडं बघितली का? काकडीसारखी सरळ. तुझ्या बाभळीला गाठीच गाठी."

"मंग काय झालं? तू बनव तर खरं. मी हाय ना संगं."

आणि खरंच तो संगं होता, हे मला आजही नाकारता येत नाही. संध्याकाळी अड्डा बंद केला की तो माझ्याकडं यायचा. जालन्याच्या भंगारातून आम्ही दोघांनी मिळून जाड बीम आणला, जुन्या टिपरचा जॅक आणला. बीमच्या एका टोकाला ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारा जॅक आणि दुसऱ्या टोकाला पक्की बसवलेली पाचर, एवढंच ते मशीन. जॅक ओंडक्याला ढकलतो, ओंडका पाचरीवर फुटतो. साध्या पाचरीनं दोन तुकडे होतात. चार हवे तर मधल्या उभ्या पात्याला दोन्ही बाजूंनी आडवे पंख लावायचे, बेरजेच्या खुणेसारखे. कागदावर हे फार सोपं दिसतं.

पहिली पाचर मी मोठ्या हौसेनं केली. चारही धारा एका रेषेत, घासून चकचकीत. बाभळीचा ओंडका लावला. धारा बोटभर आत गेल्या आणि ओंडका तिथंच रुतला. जॅक गुरगुरला, ट्रॅक्टरनं काळा धूर सोडला आणि आमच्या डोळ्यांदेखत बीमला बाक आला. ओंडका घणानं ठोकून काढावा लागला. दोस्त हसून हसून खाली बसला. मलाही हसू आलं.

दुसऱ्या वेळी पंखांना ट्रकच्या कमानीचा पाटा वापरला. धार सुंदर आली, पण थंड होताना सांधा टिंग करून तडकला. कमानीचं लोखंड तापट. आधी भाजून घ्यावं लागतं आणि नंतर हळूहळू निवू द्यावं लागतं. म्हणून पुढच्या खेपेला मी पाचर राखेत पुरायची ठरवली. राखेचं घमेलं दोस्ताची बायको स्वतः घेऊन आली. "भावजी, चुलीतली समदी राख आणली. आता तरी पोरगं सुखरूप होऊ द्या तुमचं," असं म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

ती पाचर तडकली नाही, पण फोडतही नव्हती. पौष सरत आला तरी आमचं तेच चाललेलं. मग एका दुपारी दोस्तानं चिंचेचा ओंडका आणला. चिंच म्हणजे वेणी घातल्यासारखं लाकूड. त्यानं लिव्हर ओढलं. ओंडका अडला, जॅक ओरडला आणि एकदम कट्ट करून पंखांचे सांधे सुटले. त्या दिवशी नवे पंख मी घाईत नुसते टाके मारून बसवले होते. दोन्ही पंख चार बोटं मागं सरकले आणि मागच्या आडव्या पट्टीला जाऊन टेकले.

दोस्त लिव्हर सोडायला गेला. मी ओरडलो, "थांब! सोडू नको! दाबून धर!"

उभं पातं चिंचेत शिरलं. ओंडका मधोमध उलला आणि उललेली अर्धुकं मागच्या पंखांवर जाऊन पुन्हा फाटली. चार तुकडे पायाशी पडले. आम्ही दोघं बघतच राहिलो. लाकडावर चारही बाजूंनी एकदम घाव घातला तर ते अडून बसतं. आधी एकानं वाट करावी, मग दुसऱ्यांनी शिरावं, हे मला त्या मिनिटाला कळलं. दोस्तानं मला कडेवर घेतल्यासारखं उचललं.

मग मी पाचर नीट बनवली. पंख किती मागं, त्यांचा उतार किती, मागं जागा किती सोडायची, सगळं लाकडं फोडून फोडून ठरवलं. पंख वरखाली सरकवायची सोय केली, म्हणजे बारीक ओंडक्याचाही मध्य सापडेल. अड्ड्यावर लोक बघायला येऊ लागले. दोस्त माझ्या खांद्यावर हात टाकून त्यांना सांगायचा, "आमचं मशीन हाय." आणि मला म्हणायचा, "दुसऱ्याला बनवायचं तर दोघं मिळून बनवू. तुझ्याबिगर न्हाई." मी कधी मागितलं नव्हतं हे वचन. त्यानंच दिलं.

उन्हाळ्यात माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी मी त्यांना संभाजीनगरला नेलं आणि बरेच दिवस तिथंच अडकलो. दोस्त एकदा भेटायलाही आला, वडिलांसाठी मोसंबी घेऊन. परत आल्यावर अड्ड्यावर गेलो तर मशीनवर पाचर नव्हती. नुसता बीम.

"धार लावायला दिली," तो म्हणाला.

"कोणाला? मी इथं असताना?"

"तू कुठं होता? काम थांबलं असतं ना. जालन्याला दिली एकाकडं. येईल जल्दी."

मला ते खटकलं, पण वडिलांच्या आजारपणात मला त्रास नको म्हणून दिली असेल, असं मीच माझ्या मनाला समजावलं. माणूस आपल्या माणसासाठी कारणं स्वतःच शोधून देतो.

व्हिडिओ आधी माझ्या बायकोनं बघितला. तिनं फोन पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या." जेवण झाल्यावर दाखवला. जालन्यातल्या कुठल्याशा कारखान्याचं आवार. निळा रंग दिलेलं नवं कोरं मशीन, झेंडूचा हार आणि बाजूला कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझा दोस्त. तो सांगत होता, "हे मी स्वतः डिझाईन केलंय. दोन वर्षं मेहनत घेतली." त्याच्या पायामागं जमिनीवर माझी पाचर पडलेली होती, माप घेऊन झाल्यावर टाकून दिल्यासारखी. माझ्या हातची वेल्डिंगची शिवण मी कुठंही ओळखतो.  बायकोनं ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी मी अड्ड्यावर गेलो. तो वजनकाट्याजवळ उभा होता. मी म्हणालो, "तू डिझाईन केलं?"

"मंग? चिंच फुटली तवा लिव्हर कोणाच्या हातात होतं?"

"लिव्हर?"

"चिंच कोणी आणल्ती? मी. मशीन पाहिजे हे कोणाच्या डोक्यात आलं? माझ्या. तू वेल्डिंग केलं, यार. चांगलं केलं, मी कुठं न्हाई म्हणतो? पण वेल्डिंगच केलं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. वाटेत मी सगळी वाक्यं जुळवून आलो होतो. पण तो ते इतक्या सहज बोलला, की तो माझ्याशी खोटं बोलत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं. त्यानं ते आधी स्वतःला पटवलं होतं. मी तसाच परत फिरलो. मागून वहिनीची हाक आली, "भावजी, च्या तरी..." मी थांबलो नाही.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मशीनं खपत होती असं कानावर यायचं. मी गेट-ग्रील करत राहिलो.

पावसाळा सरल्यावर एक दिवस दुकानापुढं जीप थांबली. धावड्याचा एक वीटभट्टीवाला, संगं त्याचे दोन पुतणे. भट्टीवाल्यानं उतरता उतरताच आवाज चढवला, "ते लाकडाचं मशीन तुम्हीच बनवलं ना? माझ्या माणसाची नडगी मोडली."

ओंडका पाचरीत अडला होता. मजुरानं दाब वाढवला, तसं लाकडाचं एक फाळकं तोफगोळ्यासारखं उडालं आणि त्याच्या पायावर बसलं. भट्टीवाल्यानं माझ्या दोस्ताला जाब विचारला तर तो म्हणाला होता, "डिझाईन माझं न्हाई. वडीगोद्रीच्या वेल्डरचं हाय. त्याला विचारा." माझा पत्ताही त्यानंच बरोबर सांगितला होता, दुकानापुढच्या पिंपळाच्या खुणेसकट.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या जीपमध्ये बसलो. भोकरदन मागं टाकून आम्ही धावड्याला पोचलो.

भट्टीवर मशीन बघितलं. चारही धारा एका रेषेत होत्या. कारखान्यात कुणाला तरी मागं सरकलेले पंख चूक वाटली असावी. दिसायला नीटस म्हणून त्यांनी ते पुढं ओढले होते. माझी सगळ्यात पहिली, रुतणारी पाचर पुन्हा उभी केली होती. आमच्या बीमला बाक आला होता, यांचा बीम तगडा; म्हणून बाक न येता लाकूड उडालं.

मी हे भट्टीवाल्याला समजावलं. त्याला पटलं की नाही, कळेना. त्यानं माझ्या दोस्ताला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी बाजूलाच उभा होतो.

"तो वेल्डर म्हणतो, पंख तुम्ही पुढं आणले."

"काय बी सांगतो तो. पहिल्यापासून त्याचं काम कच्चंच. मीच सांभाळून घेत आल्तो त्याला, शाळेतला दोस्त म्हणून."

मी म्हणालो, "अरे, मी इथंच हाय."

 पलीकडून फोन बंद झाला.

भट्टीवाल्यानं नजर खाली घातली. पुतण्यांपैकी एकानं मला पाणी आणून दिलं. मी त्यांच्याकडचं वेल्डिंग मशीन मागितलं, पंख कापून मागं बसवले आणि ओंडके लावून दाखवले. मजुराला भेटायला त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर पाय पसरून पडला होता. त्याला सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, "कारखान्यात येऊन एवढं सांगशील का, की मशीन चुकीचं होतं?"

तो म्हणाला, "तुमचं खोटं न्हाई, भाऊ. पण भट्टीवाला अन् तो कारखानावाला सोयरे लागतात. मला पाय बरा झाल्यावर हितंच कामाला यायचंय." त्याच्या बायकोनं माझ्यापुढं पोह्यांची बशी ठेवली. मी त्याला दोष दिला नाही, अजूनही देत नाही.

कारखान्यानं पुढं गुपचूप पंख मागं घेतले. आता मशीन एकदम बरं चालतं म्हणतात. व्हिडिओत माझा दोस्त अजूनही तेच बोलतो. कधी अंबडच्या बाजारात समोरासमोर येतो. "बरं हाय का?" तो विचारतो. "बरं हाय," मी म्हणतो. गेल्या महिन्यात त्यानं माझ्या वडिलांच्या पायाचंही विचारलं, अगदी आपुलकीनं, जागेवर थांबून. मी उत्तर दिलं आणि कांद्याचा भाव विचारायला पुढं वळलो. पाचर नेली, नाव नेलं, ते मी कधीतरी गिळीन. पण मी ऐकत नाही असं समजून तो माझ्याबद्दल ज्या आवाजात बोलला, तो आवाज त्याच्याकडं किती वर्षांपासून होता, हे मला अजून कळलेलं नाही.