बुधवारचा हात

आमच्या ह्यांनी नोकरीची सगळी वर्षं फरश्यांमधल्या चुका शोधण्यात घालवली. कारखान्याच्या अगदी शेवटच्या खोलीत, पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली, पट्ट्यावरून एकेक फरशी समोर यायची आणि हे तिच्याकडे बघायचे. ठिपका दिसला की मेणाच्या पेन्सिलीने फुली. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं की फुली. कडेला रंग जरा फिका पडला असला तरी फुलीच. कारखान्यात ह्यांना 'नापाससाहेब' म्हणायचे. ह्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. एकदा घराला रंग द्यायला काढला, तेव्हा हे रंगाऱ्याच्या मागे मागे फिरून भिंतीवर पेन्सिलीने फुल्या मारत होते. रंगारी सज्जन होता. डबा उचलला आणि निघून गेला. त्या फुल्या अजून बाहेरच्या खोलीत आहेत. पाहुण्यांना वाटतं, नक्षी आहे.

निवृत्त झाल्यावर ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग बोटं, मग सगळा पंजा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्याचा ह्यांनी नीट उच्चार विचारून घेतला, आणि घरी येऊन हात खिशात घातला. तो नंतर बाहेर आलाच नाही. समारंभ बंद, शेजारी जाणं बंद, जुन्या सोबत्यांकडे जाणं बंद. जेवायचे ते स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून, भिंतीकडे तोंड करून. मी बाहेर बसायचे. आतून चमचा ताटावर वाजत राहायचा आणि मी ऐकू येत नसल्यासारखी बातम्यांचा आवाज वाढवायचे. एकदा मीठ घ्यायला म्हणून आत गेले, तर ह्यांनी ताट अंगाआड केलं. माझ्यापासून. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. बरंच पाणी वाया गेलं.

गोळ्या इतक्यात नकोत, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. तोवर हाताला काहीतरी उद्योग द्या, म्हणाले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी 'आर्ट जर्नल'चा वर्ग भरतो, असा कागद जिन्यात लावलेला होता. मी ह्यांचं नाव घालून आले. एकटे जाणार नाही म्हणाले, म्हणून मी सोबत गेले आणि खिडकीजवळची खुर्ची पकडली. मला त्यातलं काही करायचं नव्हतं. घरी काय कमी पसारा असतो?

आर्ट जर्नल म्हणजे एक वही असते. वही असली तरी तिच्यात लिहायची कुणाला घाई नसते. आधी सुट्या पानाला पांढरा लेप द्यायचा, वहीत ते मागाहून चिकटवायचं. तो वाळला की वर पातळ रंग ओतायचा. रंग ओला आहे तोवर मीठ टाकायचं. मीठ रंग पिऊन घेतं आणि तिथे फिके, फुटलेले डाग पडतात. प्लास्टिकचा पातळ कागद चुरगळून दाबून ठेवायचा, म्हणजे रेघारेघांचं जाळं उमटतं. बँकेचं जुनं कार्ड घेऊन रंग ओरबाडायचा. इतकं सगळं झाल्यावर जे तयार होतं, ती नुसती पार्श्वभूमी. तिच्यावर काय काढायचं ते पुढचं पुढे. वर्गातल्या बायका कित्येक महिने पार्श्वभूमीवरच होत्या. त्यापुढे गेलेलं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

शिकवणारी मुलगी आमच्या मुलीच्या वयाची, पण सगळ्या तिला ताई म्हणत. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "इथे चूक अशी काही नसतेच." ह्यांचा चेहरा असा झाला, की कुणी शिवी दिली असती तरी बरं.

ह्यांनी सगळं डाव्या हाताने उरकलं. उजवा खिशात. कुणी विचारलं नाही. पुढच्या वेळी ताईने टूथब्रश वाटले. टूथब्रश शाईत बुडवायचा, पानावर धरायचा आणि अंगठ्याने त्याचे केस मागे ओढून सोडायचे, म्हणजे तुषार उडतात. ह्यांचं पान सारखं सरकायला लागलं. ते धरायला डावा हात लागला, आणि मग उजव्याला बाहेर यावंच लागलं.

हात हवेत धरला की तो क्षणभर गप्प असतो. मग सुरू होतो. ह्यांना अंगठा वापरायची वेळच आली नाही. शाई अशी बारीक आणि सारखी पडली, की मी खुर्चीतून उठून बघायला गेले. ताई माझ्याआधी पोचली होती. तिने पान खिडकीपाशी नेलं.

"काका, हे कसं केलंत?"

सगळा वर्ग गोळा झाला. ह्यांचा हात खिशाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला.

"सवय आहे," हे म्हणाले.

"बघितलंत?" ताई बायकांना म्हणाली. "मनगट किती सैल आहे काकांचं. जोर नाही, काही नाही. असं आलं पाहिजे."

त्या दिवसापासून अख्खा वर्ग थरथरायला लागला. बँकेत नोकरी करणारी एक होती, ती खांद्यापासून हलायची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी डोळे मिटून हलायच्या. सगळ्यात छान जमलं दातांच्या डॉक्टरणीला. मी तिला दात दाखवणं बंद केलं. "काका, तुम्ही हे शिकलात कुठे?" असं बँकवालीने विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "कारखान्यात." तिने ते लिहून घेतलं.

बुधवारी हे शर्टाला इस्त्री करायला लागले. माझ्या आधी चपला घालून दारात उभे. जाताना हात खिशाबाहेर असायचा, वर्ग संपेपर्यंत बाहेर असायचा, आणि येताना आमच्या गल्लीचं वळण आलं की पुन्हा आत. आठवड्यातून एक दिवस तर एक दिवस.

मग त्रास वाढला. बटणं लागेनात, दाढी करताना कापायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली. थोड्याच दिवसांत हात शांत झाला. हे जेवायला बाहेर आले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. मी चहाचा कप मुद्दाम काठोकाठ भरला. ह्यांनी तो उचलला, प्यायला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मला इतका आनंद झाला, की मी उलट उत्तरसुद्धा दिलं नाही.

त्या बुधवारी ह्यांच्या टूथब्रशमधून टपोरे थेंब पडले. बँकवालीचे पडायचे तसेच. ह्यांनी पान पालथं घातलं.

"आज मूड नाही," हे म्हणाले.

बायकांनी आदराने माना हलवल्या. जन्मात ह्यांना मूड नव्हता. तो असायलाही नाही आणि नसायलाही नाही. पण पुढच्या बुधवारी हात पुन्हा पहिल्यासारखा, आणि पान पुन्हा खिडकीपाशी. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. मी मनातून हादरले. गोळीचा गुण उतरायला लागला, आता पुढे काय, या विचाराने मला घास जाईना. गंमत अशी, की गुरुवारी हात ठणठणीत असायचा.

उलगडा कपडे भिजवताना झाला. बुधवारच्या शर्टाच्या खिशात पिवळा, पिठूळ लगदा. मी तो बोटावर घेऊन ह्यांच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

ह्यांनी फरशी बघावी तसं बघितलं. "गोळी."

"ती पोटात असायची ना?"

"बुधवारी नाही घेत. बुधवारी हात लागतो."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कशाला? चार ठिपके पाडायला? आणि गोळी चुकवून जिन्यात पडलात म्हणजे?"

"अगं, कारखान्यात मी चाललो की माणसं बाजूला व्हायची," हे म्हणाले. "इथे जवळ येतात."

"जिन्यात पडलात तर आणखी जवळ येतील. सांगून टाका त्यांना खरं काय ते."

"सांगितलं की मी पेशंट झालो. मग माझ्याशी मोठ्याने बोलायला लागतील."

हे मात्र खरं होतं. आमचा वाणी हल्ली ह्यांच्याशी मोठ्याने बोलतो, ह्यांचे कान चांगले तिखट असताना. मी भांडी घासायला घेतली.

त्यानंतरच्या बुधवारी ताईने जाहीर केलं, की पुढचा वर्ग काका घेणार. फळ्यावर लिहिलं, 'तुषार: काका'. हे 'हो' म्हणून बसले. घरी आल्यावर दोघांनाही कळलं, की काय होऊन बसलंय. गोळी घेतली तर दाखवायला काही नाही. नाही घेतली तर दाखवता येईल, पण शिकवायचं काय? समोर बसलेल्या बायकांना खोटं शिकवायचं, हे नापाससाहेबांच्या पचनी पडेना. सगळा आठवडा हे घरात येरझाऱ्या घालत होते. मी एकदाच म्हटलं, "नको जायला. ताप आहे म्हणून सांगते." ह्यांनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मला कळलं नाही.

बुधवारी मी गोळी आणि पाणी टेबलावर ठेवून आत गेले. परत आले तर पाणी तसंच आणि गोळी नाही.

"माझ्याजवळ आहे," हे म्हणाले आणि खिशावर हात ठेवला. तो हात खिशावर टकटक वाजत होता.

वर्गात ताईने खुर्च्या अर्धगोल मांडल्या होत्या. हे मधे उभे राहिले. मी माझ्या खिडकीपाशी, पर्स पोटाशी धरून.

"काका, आधी मनगटाचं सांगा," ताई म्हणाली.

ह्यांनी टूथब्रश घेऊन हात पुढे केला. चारचौघांनी बघितलं की तो जास्तच हलतो, तसा हलला. सगळ्या बायकांनी आपापले हात उचलले आणि हलवायला सुरुवात केली. हे एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक हात बघत गेले. कितीतरी वेळ बघत होते.

"थांबा," हे म्हणाले. "तुम्हाला जमणार नाही."

"का हो काका?" बँकवाली म्हणाली. "मी तर रोज घरी करते."

"तुमचे हात चांगले आहेत," हे म्हणाले. "माझा बिघडलाय. हा आजार आहे." मग आजाराचं नाव सांगितलं, नीट उच्चारून. "सवय आहे म्हणालो होतो, ते खोटं. ह्यात मनगटाचं काही नाही. गोळी घेतली की हात थांबतो, म्हणून बुधवारी घेत नव्हतो. ही आजची." ह्यांनी खिशातून गोळी काढली.

हवेतले हात एकेक करून खाली आले. दातांच्या डॉक्टरणीचा सगळ्यात शेवटी; तिचा चेहरा बघवत नव्हता. ताईने फळ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी बाटलीतून पेला भरून दिला. पेला ह्यांच्या दातांवर वाजला, निम्मं पाणी शर्टावर सांडलं, थोडं पायावर. सगळा वर्ग बघत असताना हे गोळी गिळून मोकळे झाले. माझ्यापासून ताट अंगाआड करणारा हा माणूस. मला रडू आलं आणि या वेळी मी ते कुठे नेलं नाही, तिथेच रडले.

ह्यांनी तोंड पुसलं आणि घड्याळाकडे बघितलं. "ही लागू पडायला अर्धा तास लागतो," हे म्हणाले. "मग हे असं पडणार नाही. कुणाला हवं असेल तर तोवर पानं आणा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझं आधी," बँकवाली म्हणाली. "मला निळं हवंय, आणि वरच्या कोपऱ्यात जरा दाट." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती.

तिच्यामागे वहिनी उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे आणखी कुणी, आणि बघता बघता रांग लागली. हे एकेकीला विचारून करत होते. "पान हलवू नका. हलायचं काम माझ्याकडे." दातांची डॉक्टरीण दोन पानं घेऊन आली, तेव्हा मागच्या दोघींनी तिला तिथल्या तिथे सुनावलं, की एकीला एकच. ताईसुद्धा आपली वही घेऊन रांगेत आली. तिने काहीतरी माफीसारखं बोलायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "रंग कुठला?"

मला काय वाटलं कोण जाणे. मी टेबलावरून लेप दिलेलं एक कोरं पान उचललं आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पर्स खुर्चीवरच राहिली. ज्या ज्या उशिरा आल्या, त्यांनाही मी पुढे जाऊ दिलं. आपल्याच घरचं माणूस, आपल्याला कसली घाई.

माझी पाळी आली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. टूथब्रश शाईत बुडवून हात पानावर धरला. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. पहिला क्षण गेला, दुसरा गेला.

"थांबला," हे म्हणाले.

हा हात थांबावा म्हणून मी काय काय केलं नव्हतं. आणि आता तो समोर शांत होता, तर मला वाटलं, अजून थोडा हलला असता, फक्त माझ्या पानापुरता. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण वाटलं.

"तू पुढे यायचं होतंस," हे म्हणाले.

"असू दे. पुढच्या बुधवारी करा."

"पुढच्या बुधवारी गोळी घेऊनच येणार आहे."

"मग?"

"मग काय. ह्या बायकांसारखं शिकावं लागेल."

ह्यांनी अंगठा टूथब्रशच्या केसांवर ठेवला आणि ओढला. तीन टपोरे थेंब पानावर पडले, एक माझ्या बाहीवर. हे वाकले आणि पान अगदी जवळून, कडेपासून कडेपर्यंत बघून घेतलं.

"वाईट झालंय," हे म्हणाले. "दुसरं पान आण."

मी आणलं.