ग्रीसवाल्या बाईंचा फोटो

लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करून वाचकांची क्षमा मागतो. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करून मी निवृत्त झालो. त्या नोकरीत माझे सारे लेखन 'पास' आणि 'नापास' या दोन शब्दांत आटोपत असे. क्वचित एखादा सविस्तर अहवाल लिहिण्याचे धाडस केलेच, तर आमचे वरिष्ठ इनामदार साहेब चष्मा कपाळावर चढवून तो वाचत, चष्मा पुन्हा नाकावर घेत आणि "तिसऱ्या परिच्छेदात घोळ आहे" असे म्हणून परत करत. (अहवालात दोनच परिच्छेद असले तरी.)

त्यामुळे निवृत्तीनंतर निगडीच्या घरी बसून मी यंत्रांच्या देखभालीविषयी ब्लॉग सुरू करायचे ठरवले, त्यामागे ज्ञानप्रसाराची तळमळ वगैरे काही नव्हती. इनामदार साहेबांनी माझे एक तरी लेखन घोळाशिवाय वाचावे, एवढीच इच्छा होती. बेअरिंगला ग्रीस किती द्यावे, या विषयावर मी एक लेख सिद्ध केला. (कमी द्यावे. लोक फार देतात.) आता हवी होती ती संकेतस्थळाची थीम, म्हणजे त्या लेखावर चढवायचा पोशाख. आयटी कंपनीत काम करणारी आमची मुलगी केतकी म्हणाली की थीम फुकट मिळते, आणि तिथेच घात झाला. विकतची असती तर घरातून एकमताने नकार मिळून विषय संपला असता. फुकट म्हटल्यावर प्रत्येकालाच निवड करायची होती!

मला स्वतःला एक काळी, गंभीर थीम पसंत पडली होती. पत्नीने, म्हणजे वसुधाने, ती पाहिली आणि हातातली भाजी बाजूला ठेवली.

"अहो, हे उघडल्यावर कोण गेलं, असं विचारावंसं वाटतंय."

केतकीने निवडलेली थीम पांढरीशुभ्र होती आणि क्षणात उघडत होती. तिच्यात काहीच नसल्यामुळे ती क्षणात उघडते, असे माझे मत पडले. वसुधाच्या मते ते भाड्याने द्यायचे घर दिसत होते.

इतक्यात आमचे मेहुणे ज्ञानोबा आले. ते चिंचवडगावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. हल्ली फ्लेक्स छापण्याचा व्यवसाय करतात. आमच्या बाजूच्या कोणत्याही चौकात मान वर केली की त्यांची कलाकृती दिसते. त्यांनी उभ्याउभ्याच आराखडा सांगितला.

"दाजी, वर तुमचा मोठा फोटो, गॉगल लावून. खाली शुभेच्छुक म्हनून आमी सगळे. लेख काय, कुठंबी बसंल."

लेख हाच मुख्य भाग आहे, असे मी नम्रपणे सुचवून पाहिले. त्यावर, लेख कोणी वाचत नाही, प्रत्येक जण आपले नाव शोधतो, हे आपल्या धंद्याचे सार त्यांनी मला ऐकवले.

अखेर एक थीम अशी निघाली की तिला कोणीच नाव ठेवेना. फिकट पिवळसर रंग, ठळक अक्षरे आणि उजव्या कोपऱ्यात कॉफीचा मग धरून हसणाऱ्या एका परदेशी बाईंचा फोटो. वसुधाला बाईंचा चेहरा समाधानी वाटला. केतकीला वेग पटला. निदान एक तरी फोटो आहे, म्हणून ज्ञानोबांनीही मान डोलावली. आमच्या घरात पडद्यांच्या रंगावरही असे एकमत झालेले नाही.

आणि मग माझे संस्कार आडवे आले. आमच्या कामाचा नियम असा की पहिला नमुना एकदा पास झाला की त्याच्यावर शिक्का मारायचा. त्यानंतर त्यात कोणी सुधारणासुद्धा करायची नाही. तो फोटो केवळ जागा दाखवण्यापुरता असतो, तिथे आपला लावायचा असतो, हे केतकीने मला समजावून सांगितले. मी तिला पास झालेल्या नमुन्याचे पावित्र्य समजावून सांगितले. कॅलेंडरवर लक्ष्मीचे चित्र असते म्हणून ते लक्ष्मीने छापले, असे कोणी समजते का, असा बिनतोड सवालही केला. केतकीने आईकडे पाहिले.

"राहू दे गं," वसुधा म्हणाली. "ह्यांचा फोटो आधार कार्डावर आहे तेवढा पुरे."

मलाही मनातून सुटल्यासारखेच झाले. शिवाय लेखकाच्या नावाची जागा मी संकोचाने रिकामीच ठेवली.

आमच्या भागात बोअरची मोटर दुरुस्त झाली तरी उद्घाटन होते. ब्लॉग कसा सुटणार? ज्ञानोबांनी सोसायटीचा हॉल घेतला, दारावर फ्लेक्स चढवला. त्यावर मध्यभागी ते स्वतः होते आणि मी निमंत्रक म्हणून खालच्या कोपऱ्यात होतो. नारळ लॅपटॉपसमोर फोडायचा ठरल्याने केतकीने लॅपटॉप उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेला. (नारळाच्या पाण्याने पहिल्या रांगेला पावन केले.) प्रमुख पाहुणे म्हणून आकुर्डीहून इनामदार साहेब आले होते.

लेख पडद्यावर झळकला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. पहिला परिच्छेद गेला, दुसरा गेला. मग तिसरा आला. तोही गेला! साहेब शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचले आणि चष्मा सावकाश नाकावर आला.

"उत्तम," ते म्हणाले. "ग्रीसवर इतकं नेमकं मी आजवर वाचलेलं नाही."

एवढ्या वर्षांच्या नोकरीचे त्या क्षणी चीज झाले. माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि त्या पाण्यातूनच मला दिसले की साहेब पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवत आहेत.

"या बाई कोणत्या कंपनीत होत्या? शिस्त बघा त्यांची. तुमच्याकडून मी आयुष्यभर हेच मागत होतो. आणि परदेशी असून मराठी किती स्वच्छ!"

"दाजी, बोला की," ज्ञानोबांनी मला कोपराने ढोसले.

मी तोंड उघडले. सत्य सांगण्याची याहून मोठी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "चहा घ्या."

वसुधाला ते सहन झाले नाही. ती सरळ पुढे गेली. "अहो साहेब, हे ह्यांनीच लिहिलंय. ती बाई थीमबरोबर फुकट आलीय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. बाईंकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग चष्मा कपाळावर चढवला आणि लेख पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतला. सगळा हॉल थांबला, चहासुद्धा थांबला. यथावकाश चष्मा नाकावर उतरला.

"तरीच," साहेब म्हणाले. "तिसऱ्या परिच्छेदात घोळ आहे."

त्यानंतर लेखाखाली वाचकांची पत्रे येऊ लागली आहेत. चाकणहून एका तंत्रज्ञाने लिहिले की मॅडमच्या सल्ल्याने मशीनचा आवाज बंद झाला. त्याला मी मॅडमच्या वतीने आभार कळवले. आता कंप्रेसरमधले पाणी वेळेवर का काढावे, या विषयावरचा दुसरा लेख तयार आहे. खबरदारी म्हणून त्यात मी तिसरा परिच्छेद ठेवलेलाच नाही. (त्याने काही होणार नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.) निर्णय राहिला आहे तो फक्त उजव्या कोपऱ्याचा. तिथे बाईच राहू द्याव्यात, की मी बसावे? तुम्हाला काय वाटते?